शेपूची जुडी आणि रिकामे गाळे

लंडनच्या अगदी कडेच्या एका बरोमधून (स्वतःची कौन्सिल असलेल्या भागातून) एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय 69, निवृत्त इंजिनियर. 1986 पासून ते आणि त्यांची पत्नी त्याच उपनगरात राहतात. हाय स्ट्रीट, म्हणजे दुकानांचा मुख्य रस्ता, घरापासून चालत दहा मिनिटांवर. ते आले तेव्हा तिथे वूलवर्थ्स हे सगळं काही मिळणारं साखळी दुकान होतं, मासेवाला होता, चार बँका होत्या. मुलाचं शाळेचं पहिलं दप्तर त्यांनी वूलवर्थ्समधूनच घेतलं. आता उरलेली एकुलती एक बँक काही महिन्यांत बंद होणार आहे. कपड्यांचं मोठं दुकान चार वर्षं रिकामं पडलं आहे. पाच दुकानं केस कापणाऱ्यांची, तीन व्हेपची (ई-सिगारेटची), आणि पाटी वाचता येत नाही अशी किराण्याची दुकानं वाढली आहेत. बँकेशेजारच्या गाळ्यात चोवीस तास चालणारं स्लॉट मशीनचं केंद्र येणार, अशी नोटीस दिव्याच्या खांबावर लागली आहे. उपनगराच्या ऑनलाइन ग्रुपवर रोज काहीतरी बंद पडल्याची बातमी असते. मुलगा साठ मैलांवर एका नव्या वसाहतीत राहतो आणि म्हणतो, ‘घर विका, आमच्याजवळ या.’ वडिलांना ते पटतं, आईला नाही. त्या 66 वर्षांच्या आहेत, गाडी चालवत नाहीत, रोज पिशवी घेऊन त्या रस्त्यावर जातात आणि दोन तासांनी घरी येतात. ‘परवा तिने त्या परक्या पाटीच्या दुकानातून शेपूची जुडी आणली आणि म्हणाली, मला इथे काही कमी नाही,’ असं ते लिहितात. ते स्वतः दर शनिवारी गाडीने रिंग रोडवरच्या सुपरमार्केटात जातात, बाकीचं घरपोच मागवतात. हल्ली या विषयावरचं बोलणं भांडणावर जातं. त्यांचा प्रश्न असा: रस्ता मरतोय हे हिला कसं पटवून देऊ?

तुमच्या पत्रात त्या रस्त्याबद्दल दोघांचं म्हणणं आलंय. एक तुमचं, एक वहिनींचं. तुम्ही तुमचं म्हणणं सविस्तर लिहिलंत आणि वहिनींचं एका जुडीत आटोपलंत. मला मात्र त्या जुडीपाशीच थांबावंसं वाटलं. तुमच्या सुपरमार्केटात शेपू मिळतो तो प्लास्टिकच्या चिमुकल्या पाकिटात, माशावर चार काड्या पेरण्यापुरता. त्यात भाजी होत नाही. पोलंड, रोमानिया, तुर्कस्तान, इराण इथल्या स्वयंपाकात मात्र शेपू मूठभर लागतो, म्हणून त्या लोकांच्या दुकानात तो जुडीने मिळतो. तुमच्यासाठी परकं असलेलं ते दुकान वहिनींसाठी चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्या रस्त्यावर मंडईच्या जवळ जाणारं काहीतरी घेऊन आलंय.

आता मी तुम्हाला एक विचारते, रागावू नका. त्या रस्त्यावर तुम्ही पायी, काही कामाने, शेवटचे कधी गेला होतात? तुमच्याच पत्रावरून दिसतं की तुमचा बाजार कित्येक वर्षं गाडीतून आणि फोनवरून चाललाय. रस्ता तुम्हाला दिसतो तो सिग्नलला थांबल्यावर काचेतून, नाहीतर ग्रुपवरच्या फोटोत. गाडीतून रिकामा गाळा आधी दिसतो. उघड्या दुकानात कोण कोणाशी काय बोलतंय ते दिसत नाही. ग्रुपवर तर बंद पडलेल्या दुकानाचीच बातमी होते. केमिस्ट आज सकाळीही वेळेवर उघडला, असं कोणी लिहीत नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नातलं ‘पटवून देऊ’ मला खटकतं. पटवून द्यायचं म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे आणि त्यांना नाही, असं झालं. इथे रोजची माहिती ज्यांच्याकडे आहे, त्यांनाच तुम्ही समजवायला निघालात.

तुमचं दुःख मी हलकं मानत नाही. वूलवर्थ्स गेलं तेव्हाचे दिवस मलाही आठवतात. 2008 च्या डिसेंबरपासून 2009 च्या जानेवारीपर्यंत, मोजक्या आठवड्यांत, देशभरातली 800 हून अधिक दुकानं बंद झाली आणि सुमारे 27 हजार लोकांची नोकरी गेली. शेवटी शेवटी फडताळंसुद्धा विकायला काढली होती. ज्या दुकानातून पोराचं पहिलं दप्तर घेतलं ते जाणं म्हणजे घरातलं काहीतरी गेल्यासारखंच. त्यानंतर 2016 मध्ये बीएचएस, 2021 मध्ये डेबनहॅम्स, 2023 मध्ये विल्को. हे सगळं तुमच्या रस्त्याने काही पाप केलं म्हणून घडलं नाही. मोठ्या साखळ्यांचं भाडं, कर्ज आणि लोकांची बदललेली खरेदीची सवय यांचं गणित बसेना, आणि ते देशभर एकाच वेळी बसेना. तुमची रिंग रोडवरची शनिवारची फेरी त्याच गणितातला एक आकडा होती. दोष देत नाही. लहान मुलं आणि नोकरी सांभाळताना आम्हीही तेच केलं. पण हे दुःख वेगळं ठेवा आणि घर विकायचं की नाही हा हिशेब वेगळा मांडा.

जे आलंय ते का आलंय, हे इंजिनियरला सांगायला मला आवडेल, कारण त्यामागे यंत्रणा आहे. केस ऑनलाइन कापता येत नाहीत. म्हणून समोरासमोरच होऊ शकतात असे धंदे गाळे घेतात: केस, नखं, दात, चहा-कॉफी, व्यायाम. दुसरं, इंग्लंडमध्ये 1 सप्टेंबर 2020 पासून दुकान, कॅफे, ऑफिस, दवाखाना, जिम, पाळणाघर हे सगळं ‘क्लास ई’ या एकाच वर्गात आलं. त्या वर्गातल्या त्यात बदल करायला नियोजन परवानगी लागत नाही. त्यामुळे पाचवा न्हावी आला तेव्हा कौन्सिलने, म्हणजे स्थानिक पालिकेने, त्याला मुद्दाम होकार दिला असं नाही. त्याला विचारायची गरजच नव्हती. 2021 पासून अशा गाळ्याचं घर करायचं असेल तरी पूर्ण परवानगीऐवजी एक छोटी मंजुरी पुरते. तिसरं, छोट्या दुकानाला जगायला एक आधार आहे. एकच जागा असलेल्या व्यावसायिकाच्या जागेचं करासाठी धरलेलं मूल्य 12 हजार पाउंडांपर्यंत असेल, तर त्याला इंग्लंडमध्ये बिझनेस रेट्स, म्हणजे धंद्याच्या जागेवरचा कर, भरावे लागत नाहीत. 15 हजारांपर्यंत ही सवलत कमी कमी होत संपते. मोठा गाळा या सवलतीत बसत नाही. म्हणून छोटे गाळे भरतात आणि कपड्यांचं मोठं दुकान चार वर्षं तसंच राहतं. शिवाय मालकाने भाडं उतरवलं की इमारतीची कागदोपत्री किंमतही उतरते, आणि तिच्यावर कर्ज असेल तर तो उतरवायला धजत नाही.

पाट्यांबद्दल मात्र मला थोडं मनापासून बोलायचंय. 1972 मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं तेव्हा लेस्टर या इंग्लंडमधल्या शहराच्या कौन्सिलने तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की लेस्टरला येऊ नका. सुमारे 28 हजार लोक ब्रिटनमध्ये आले, त्यातले बरेच लेस्टरलाच गेले. तिथला बेलग्रेव्ह रोड आज ‘गोल्डन माइल’ म्हणून ओळखला जातो आणि दिवाळीला तिथे मुंगीला वाट मिळत नाही. तेव्हा तिथल्या जुन्या रहिवाशांना त्या पाट्या वाचता येत नव्हत्या. आपला रस्ता गेला असंच त्यांनाही वाटलं असणार. तुम्ही 1986 ला आलात तेव्हा तुमच्या आडनावाकडे बघून कोणाला तरी तसं वाटलं असेल. हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही. आपण कोणत्या बाजूला उभे होतो ते इतक्या लवकर विसरावं, याचं मला वाईट वाटतं, आणि तुम्हालाही वाटेल अशी खात्री आहे. त्या दुकानाची पाटी वाचता येत नसेल तर आत जाऊन दुकानदाराला विचारा, काय लिहिलंय. तुमच्या गावाचं नाव तोही बहुधा विचारेल.

आता घर हलवण्याचा विचार. तुम्ही 69 वर्षांचे आहात आणि घरात गाडी चालवणारे एकटे तुम्हीच आहात. पुढच्या वर्षी, सत्तरी गाठताना, तुमच्या लायसन्सची मुदत संपेल. त्यानंतर दर तीन वर्षांनी नूतनीकरण, आणि दर वेळी आपण गाडी चालवायला तंदुरुस्त आहोत हे स्वतः लिहून द्यायचं. परमेश्वर करो आणि तुम्ही नव्वदीपर्यंत चालवा. पण ज्या दिवशी डोळे किंवा गुडघे नाही म्हणतील, त्या दिवशी नव्या वसाहतीत वहिनी शेपूच काय, दूधही कसं आणतील? अशा कित्येक वसाहतींत चालत जाण्याजोगं एकही दुकान नसतं. दवाखाना आणि शाळा नकाशावर दाखवलेली असतात, प्रत्यक्षात यायला वर्षं लागतात. अनेक ठिकाणी रस्ते आणि बागा कौन्सिल ताब्यातच घेत नाही आणि त्यांच्या देखभालीचं शुल्क घरमालकांकडून दरसाल घेतलं जातं. ते किती आणि कोण ठरवतं, हे सह्या करण्यापूर्वी वकिलाकडून लेखी घ्या.

पास बघा. तुमचं मुख्य घर लंडनच्या बरोमध्ये आहे म्हणून तुम्हा दोघांना फ्रीडम पास, म्हणजे ज्येष्ठांचा मोफत प्रवासाचा पास, आहे किंवा मिळू शकतो: बस, ट्यूब, ट्राम, ओव्हरग्राउंड. लंडन सोडलंत की तो परत करावा लागतो. त्याऐवजी मिळतो इंग्लंडचा साधा बस पास. तो फक्त बसला चालतो, आणि वार सोमवार ते शुक्रवार असेल तर सकाळी साडेनऊनंतरच. ज्या वसाहतीत बसच तासाने येते तिथे त्याचा उपयोग किती, ते वेळापत्रक काढून बघा. आणि पैसे: समजा साडेचार लाख पाउंडांचं घर घेतलंत, तर एप्रिल 2025 पासूनच्या दराने नुसती स्टॅम्प ड्यूटी 12,500 पाउंड होते. एजंट, वकील, सामानाची गाडी वेगळी.

हे वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे तुमचं मत राहण्याच्या बाजूने. पूर्ण तसं नाही. तुमच्या पत्रात एक कारण आहे जे मला रस्त्यापेक्षा फार खरं वाटलं, आणि त्याला तुम्ही जेमतेम एक ओळ दिलीत: मुलगा बोलावतोय. मुलाजवळ राहावंसं वाटणं, नातवंडांना शाळेतून आणावंसं वाटणं, हे घर हलवायला पुरेसं कारण आहे. त्यासाठी रस्त्याला मारायची गरज नाही. आणि कदाचित, मी चुकत असेन तर सोडून द्या, त्याहीखाली आणखी एक भीती असेल. घरातले सगळे पैशांचे व्यवहार तुम्ही फोनवर करता. वहिनी आठवड्याला काउंटरवर जाऊन रोख काढतात. ते काउंटर बंद होतंय. ‘माझ्यामागे हिचं काय होईल’ हा प्रश्न तुम्ही बँकेच्या बातमीत वाचला असणार. तसं असेल तर तो वहिनींसमोर तसाच बोला. ‘रस्ता मरतोय’ म्हणालात तर त्या रस्त्याची बाजू घेतील, कारण तिथे त्यांची माणसं आहेत. ‘मला तुझी काळजी वाटते’ म्हणालात तर भांडायला उरतं काय?

त्या काळजीवर बरंच काही करता येतं, आणि तुम्ही गेलात किंवा राहिलात तरी ते करायला हवं. इतर वाचकांच्याही कामाचं आहे, म्हणून जरा खोलात लिहिते.

बँकेची शाखा बंद करताना ग्राहकांना निदान 12 आठवडे आधी कळवलं जातं. शाखा बंद झाल्यावर त्या भागात रोख काढण्या-भरण्याची सोय पुरेशी उरते का, याची तपासणी ‘लिंक’ ही एटीएमचं जाळं चालवणारी संस्था करते. सप्टेंबर 2024 पासून एफसीए या बँकांवर देखरेख करणाऱ्या नियामकाचे नियम असे आहेत की तपासणीत उणीव सापडली, तर पर्यायी सोय सुरू होईपर्यंत बँकेला ती सेवा बंद करता येत नाही. पर्याय म्हणजे बहुधा बँकिंग हब: काउंटर पोस्ट ऑफिसचं, आणि वेगवेगळ्या बँकांचे कर्मचारी आठवड्यातले ठरलेले दिवस तिथे बसतात. 2021 मध्ये एसेक्समधल्या रॉचफर्डला आणि स्कॉटलंडमधल्या कँबसलँगला पहिली दोन हब प्रयोग म्हणून निघाली, नंतर ती देशभर पसरली. महत्त्वाची गोष्ट ही की ही तपासणी करा, अशी विनंती लिंककडे कोणताही रहिवासी करू शकतो. तुमच्यासारख्याने नकाशा, बसचे क्रमांक आणि चालायला लागणारी मिनिटं जोडून ती लिहिली तर तिला वजन येईल. ग्रुपवर पन्नास जणांनी हळहळण्यापेक्षा हा एक अर्ज मला मोलाचा वाटतो.

तोपर्यंत पोस्टाचं काउंटर आहे. बहुतेक मोठ्या बँकांच्या खात्यातून तिथे कार्ड आणि पिन वापरून पैसे काढता येतात, रोख भरताही येते. वहिनींना पिन पाठ आहे ना? संयुक्त खात्यावर त्यांचं स्वतःचं कार्ड आहे ना? बँकेत अजून माणूस बसतोय तोवर दोघं एकत्र जा, खात्यांची यादी करून घ्या, गॅस-विजेची कोणती बिलं कुठून जातात ते कागदावर मराठीत लिहा. त्यांना फोनवर बँकिंग शिकायचं असेल तर शिकवा, पण तुम्ही शिकवू नका. नवऱ्याने बायकोला शिकवलेली गाडी आणि ॲप दोन्ही रडारडीवर जातात हे मी अनेक पत्रांतून वाचलंय. बऱ्याच लायब्ररींत यासाठी मदत मिळते, आणि ती अनोळखी माणसं न चिडता तेच चारदा सांगतात.

केमिस्ट उघडा आहे हे मी वर सहज लिहिलं, पण त्याची किंमत ओळखा. जानेवारी 2024 पासून इंग्लंडमध्ये ‘फार्मसी फर्स्ट’ आहे. घसा, कान, सायनस, नागीण, चिघळलेला कीटकदंश, त्वचेचा एक संसर्ग आणि स्त्रियांचा साधा मूत्रसंसर्ग, या सात तक्रारींवर वयाच्या ठरलेल्या अटींत बसत असाल तर जीपीकडे (नेहमीच्या डॉक्टरकडे) न जाता फार्मासिस्ट तपासून औषध देऊ शकतो. चालत दहा मिनिटांवर असा माणूस असणं आपल्या वयात फार उपयोगी.

आता स्लॉट मशीनचं केंद्र. यात मी वहिनींच्या ‘इथे काही कमी नाही’च्याही बाजूने नाही आणि कानाडोळा करा असंही म्हणत नाही. त्या दाराशी रात्री दोन वाजता काय चालेल याची चिंता रास्त आहे, आणि तुम्ही जाणार असाल तरी ती तुमच्या शेजाऱ्यांची राहणारच. असं केंद्र क्लास ईमध्ये बसत नाही, त्याला परवानगी लागते, म्हणून तर नोटीस लागली. नोटीस लागल्यापासून सहसा 21 दिवस लोकांना मत कळवता येतं. खांबावरचा अर्ज क्रमांक टिपून घ्या, कौन्सिलच्या वेबसाइटवर तो टाका, मूळ नकाशे आणि मागितलेली वेळ वाचा. मग स्वतःच्या शब्दांत लिहा. एकाच मजकुराखाली दोनशे सह्या घेण्यापेक्षा वीस घरांतून वीस वेगवेगळी पत्रं गेली, तर नियोजन अधिकाऱ्याला वीस वेगळ्या गोष्टी तपासाव्या लागतात.

काय लिहायचं नाही तेही सांगते. ‘जुगार वाईट’, ‘घरांच्या किमती पडतील’, ‘अमुक लोक येतील’ हे नियोजनाच्या निर्णयात धरलं जात नाही. धरलं जातं ते आवाज, रात्रीची वेळ, वर राहणाऱ्यांची झोप, दर्शनी भाग झाकलेला असल्याने रस्ता मेल्यासारखा दिसणं, आणि अशीच केंद्रं शेजारी किती आहेत ते. तुमच्या वॉर्डाच्या कौन्सिलरला लिहा. अनेक कौन्सिलांत कौन्सिलरने मागणी केली तर अर्ज अधिकाऱ्याच्या टेबलावर न संपता समितीसमोर येतो. जुगाराच्या परवान्याचा अर्ज वेगळा असतो. त्यावर हरकतीला 28 दिवस मिळतात, पण 2005 च्या कायद्याने कौन्सिलने अटी पूर्ण असतील तर परवाना देण्याकडेच झुकायचं असतं. म्हणून जोर नियोजनावर लावा, आणि ते हरलात तर निदान रात्री अकराला बंद करण्याची अट मिळावी म्हणून भांडा. अशी अट मिळणं हेही पुष्कळ आहे.

रिकाम्या कपड्यांच्या दुकानासाठीही एक दार 2 डिसेंबर 2024 पासून उघडलंय. गेल्या दोन वर्षांत 365 दिवसांहून जास्त रिकाम्या असलेल्या गाळ्याचा भाडेपट्टा, एक ते पाच वर्षांचा, कौन्सिल लिलावात देऊ शकते. मालकाला आधी नोटिसा जातात आणि कित्येकदा तेवढ्यानेच मालक हलतो. मात्र कौन्सिलवर हे करण्याची सक्ती नाही. आधी तिने तो रस्ता त्यासाठी जाहीर करावा लागतो. तुमच्या कौन्सिलने केलाय का, हा प्रश्न कौन्सिलरला एका ओळीत विचारता येतो. उत्तर आलं की ते ग्रुपवर टाका, तिथे असली बातमीही दिसू दे.

आणि मत. तुम्ही ब्रिटिश नागरिक असाल, पण जे वाचक अजून भारतीय पासपोर्टवर आहेत त्यांतल्या कितीतरी जणांना माहीतच नसतं: इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, कॉमनवेल्थचा म्हणून, इंग्लंडमध्ये कौन्सिलच्याही आणि संसदेच्याही निवडणुकीत मत देता येतं. नाव नोंदवायला हवं, आणि मे 2023 पासून मतदान केंद्रावर जाताना फोटो असलेलं ओळखपत्र न्यायला हवं. रस्त्यावरच्या बाकांपासून रात्रीच्या परवान्यांपर्यंत सगळं ज्या लोकांच्या हातात आहे, ते या मतांवर येतात.

जायचं की राहायचं हे ठरवण्यापूर्वी एक करून बघा. येत्या नोव्हेंबरात, चार वाजता अंधार पडतो तेव्हा, दोन आठवडे मुलाकडे राहा. गाडी इथेच ठेवा, रेल्वेने जा. रोज सकाळी दोघांनी घराबाहेर पडा आणि भाजी, औषध, रोख पैसे आणि एखाद्या अनोळखी माणसाशी चार वाक्यं, एवढं मिळवून या. मुलगा-सून कामावर असतील, नातवंडं शाळेत. सकाळी आठ ते दुपारी चार हा वेळ कसा जातो ते वहिनी बघतील, तुम्हीही बघाल. रमलात तर उत्तम, आनंदाने घर शोधा, आणि बस थांबा आणि दुकान चालत गाठता येईल असंच शोधा, वसाहतीच्या आत नाही तर जुन्या गावाकडे. नाही रमलात तर मुलाला सांगायला तुमच्याकडे ठोस काहीतरी असेल, आणि साठ मैल हे दर पंधरवड्याला रेल्वेने जायला काही फार नाहीत.

पण त्याच्याही आधी, या आठवड्यातला एक साधा दिवस घ्या. शनिवार नको. वहिनी निघतील तेव्हा त्यांच्याबरोबर निघा. रस्ता दाखवायला त्या, तुम्ही पिशवी धरा. त्या कुठे थांबतात, कोण त्यांना नावाने हाक मारतं, कोणत्या बाकावर त्या दम खातात आणि कोणतं वळण त्यांना आता भीतीचं वाटतं, ते बघा. त्यांनाही त्या रस्त्याच्या काही गोष्टी खुपत असतील. फक्त तुम्ही रस्त्याविरुद्ध बोलताय म्हणून त्यांनी त्या सांगितल्या नसतील. परत आल्यावर खांबावरच्या नोटिशीचा क्रमांक दोघांनी मिळून कौन्सिलच्या पानावर टाका, आणि लिहायचं काय ते वहिनींना विचारून लिहा. 21 दिवस पत्र लिहिलंत त्या दिवसापासून नाही, नोटीस लागल्यापासून मोजतात.